दोनदा बरा झालेला रुग्ण

नोव्हेंबर २००५ मध्ये बिहार विधानसभेच्या निवडणुकीसाठी निरीक्षक म्हणून माझी नेमणूक उत्तर बिहारमधील एका जिल्ह्यात झाली होती. छठपूजा नुकतीच आटोपली होती आणि सकाळच्या धुक्याला सुरुवात झाली होती. मतदानाच्या दिवशी एकेका केंद्राला भेट देत दुपारी मी एका प्राथमिक शाळेत पोहोचलो. रांग शिस्तीत होती, तक्रार कोणाचीच नव्हती. पण रांगेपासून वीसेक हात दूर एका झाडाखाली चाळिशीचा एक गृहस्थ हातात ओळखपत्र धरून एकटाच बसला होता. तो रांगेत का नाही असे विचारता केंद्राध्यक्षांनी सांगितले की सर्वांचे झाले की तो शेवटी येतो, नेहमीच तसे असते.

मी त्याला आत बोलावण्यास सांगितले. यादीत नाव सापडले. बोटाला शाई लावायची वेळ आली तेव्हा त्या कर्मचाऱ्याने त्याचे बोट हातात धरले नाही. लांबूनच काडी टेकवली आणि शाईचा एक ओघळ टेबलावर पडला. मतदार मान खाली घालून मत देऊन निघून गेला. कर्मचारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कोढ है, सर."

मराठीत आपण 'कोड' म्हणतो ते अंगावरच्या पांढऱ्या डागांना. ते दिसायला कितीही खटकले तरी निरुपद्रवी असतात. हिंदीतला 'कोढ' म्हणजे मात्र कुष्ठरोग, आपल्याकडे ज्याला पूर्वी महारोग म्हणत तो. एका अक्षराच्या फरकामुळे क्षणभर माझा गोंधळ झाला. पुढे कळले की त्या माणसाला यांपैकी काहीच नव्हते. त्याला तिसराच आजार होता आणि त्या आजाराला त्याच्या गावात नावच नव्हते.

मतमोजणीपर्यंत हाताशी काही दिवस मोकळे होते. प्रखंडाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वयस्कर डॉक्टर निवडणुकीच्या वैद्यकीय पथकात होते, त्यांच्याशी ओळख झाली होती. त्यांना हा प्रसंग सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थाला बोलावून घेतले आणि माझ्यासमोरच तपासले. चेहऱ्यावर, विशेषतः तोंडाभोवती आणि हनुवटीवर, फिकट चट्टे होते. हनुवटीवर आणि कानांच्या पाळ्यांवर काही लहान गाठीही होत्या. छातीवर आणि दंडांवर पुसट डाग होते. डॉक्टरांनी कापसाची वात वळली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि वातीचे टोक एकेका चट्ट्याला हलकेच लावले. प्रत्येक वेळी त्याने डोळे मिटूनच नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवले. मग डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपून पाहिली. ती जाड झालेली नव्हती.

"संवेदना पूर्ण शाबूत आहे. हा कुष्ठरोग नाही," ते म्हणाले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, कधी लांबलेला ताप आला होता काय? आला होता. तीन वर्षांपूर्वी दोन महिने ताप हटत नव्हता, पोट फुगले होते, महिनाभर रोज इंजेक्शने घेतल्यावर तो उठला होता. म्हणजे काला-आजार.

डॉक्टरांनी केंद्रातील दोन रजिस्टरे काढली. काला-आजाराच्या २००२ च्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे शेरा होता, 'उपचार पूर्ण, बरा'. कुष्ठरोगाच्या रजिस्टरमध्येही त्याचे नाव होते. पाचांहून अधिक चट्टे म्हणून बहुजिवाणू प्रकार ठरवून बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार दिलेला आणि शेवटी तोच शेरा, 'उपचार पूर्ण'. कागदावर तो दोनदा बरा झालेला होता. प्रत्यक्षात तो झाडाखाली बसलेला होता.

या प्रसंगाला आता वीस वर्षे होऊन गेली. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, प्रशासनातला आहे. पण परोपजीवी जंतूंमुळे होणारे त्वचेचे आजार ओळखण्यात आपण का चुकतो हा प्रश्न मला तेव्हापासून जितका वैद्यकाचा तितकाच प्रशासनाचा वाटत आला आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी आजाराविषयी. काला-आजार हा 'लीशमॅनिया डोनोव्हनी' या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासमधील चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी स्वतंत्रपणे तो दाखवून दिला आणि रोनाल्ड रॉस यांनी त्याला दोघांचीही नावे दिली. वाळूमाशीची मादी रुग्णाचे रक्त शोषते, तिच्या पोटात हा परोपजीवी वाढतो आणि ती पुढच्या माणसाला चावली की त्याला संसर्ग होतो. आपल्याकडे या प्रकारात माणूस हाच त्याचा साठा, दुसरा कोणी प्राणी त्यात महत्त्वाचा मानला जात नाही. वाळूमाशी डासाहूनही लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, ओलसर गोठ्यांत दडून राहते. उपचार न केल्यास काला-आजार जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो.

कोलकात्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी यावर युरिया स्टिबामाईन हे औषध शोधले आणि लाखो जीव वाचले. हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये आणखी एक निरीक्षण नोंदवले होते. काला-आजारातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे चट्टे आणि गाठी उठतात आणि त्यांत तोच परोपजीवी सापडतो. आज या अवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीकेडीएल' म्हणतात. आपण काला-आजारोत्तर त्वचारोग म्हणू. भारतीय उपखंडात बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांना तो होतो. बहुधा दोन-तीन वर्षांनी, कधी सहा महिन्यांत, तर कधी त्याहून बऱ्याच उशिरा. काहींना तर आपल्याला कधी काला-आजार झाला होता हेही आठवत नाही. सुदानमध्ये हा त्वचारोग बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. आपल्याकडे सहसा ओसरत नाही.

आता अडचण पाहा. या माणसाला ताप नसतो. भूक लागते, काम करता येते, दुखत नाही, सहसा खाजतही नाही. चट्टे फिकट असतील तर ते कोडासारखे किंवा शिब्यासारखे दिसतात. गाठी असतील तर कुष्ठरोगाच्या गाठींसारख्या दिसतात. कधी दोन्ही एकत्र असतात आणि क्वचित चामखिळीसारखेही काही दिसते. उत्तर बिहारमध्ये कुष्ठरोगही आहे, कोडही आहे आणि शिबेही आहे. तेव्हा पाहणारा आपल्याला ठाऊक असलेल्या पेटीत रुग्णाला टाकतो. यात पाहणाऱ्याचा आळस असतोच असे नाही. ज्या कर्मचाऱ्याला कुष्ठरोग शोधण्याचे प्रशिक्षण दिले आहे त्याला चट्टा दिसला की कुष्ठरोग दिसतो. ज्याला काला-आजार शोधण्याचे प्रशिक्षण दिले आहे तो ताप आणि वाढलेली पानथरी शोधतो. चट्ट्याकडे तो पाहातच नाही, कारण ताप नाही.

फरक ओळखण्याच्या खुणा मात्र फार अवघड नाहीत. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा बधिरता असते, नसा जाडावतात. काला-आजारोत्तर त्वचारोगात संवेदना शाबूत राहते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, इथला चट्टा फिकट असतो पण त्वचेचा रंग पूर्ण गेलेला नसतो. शिबे बहुधा छाती-पाठीवर असते आणि नखाने खरवडले की त्यातून बारीक कोंडा निघतो. इथे चेहरा, तोंडाभोवतीची जागा, हनुवटी यांवर भर असतो. या सर्वांहून महत्त्वाची खूण अंगावर नसते, ती रुग्णाच्या पूर्वेतिहासात असते. तो काला-आजाराच्या प्रदेशात राहिला आहे का? त्याला पूर्वी लांबलेला ताप आला होता का? बोटावरच्या रक्ताच्या थेंबातून होणारी झटपट चाचणी इथे एकटी पुरत नाही, कारण काला-आजार बरा झाल्यावरही ती कित्येक वर्षे होकारार्थीच येत राहते. गाठ असेल तर त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी दिसतो. नुसते फिकट चट्टे असतील तर बरेचदा दिसत नाही आणि मोठ्या प्रयोगशाळेतील पीसीआर तपासणी लागते.

त्वचेला छेद देऊन नमुना घेण्याची ही पद्धत कुष्ठरोगाच्या कामातील कर्मचाऱ्यांना परंपरेने चांगली येत असे. पण त्या काळी राष्ट्रीय कार्यक्रमात नेहमीची नमुना-तपासणी मागे पडली होती. चट्टे मोजून औषध ठरवावे, अशी सुटसुटीत पद्धत आली होती. तिच्यामुळे लाखो कुष्ठरुग्णांना वेळेवर औषध मिळाले हे मान्यच केले पाहिजे. पण मोजणे सोपे केले की पाहणे कमी होते. आमच्या त्या गृहस्थाचे चट्टे कोणीतरी काळजीपूर्वक मोजले होते. त्यांना कापूस लावून पाहिला नव्हता.

येथे वाचक विचारतील की ज्याला ताप नाही, दुखत नाही, त्याचे निदान उशिरा झाले तर एवढे काय बिघडले? पुष्कळ बिघडते आणि केवळ त्याचे एकट्याचे नाही. त्याच्या त्वचेत परोपजीवी आहे, आणि वाळूमाशी चावते ती त्वचेलाच. १९५०-६० च्या दशकांत मलेरियासाठी झालेल्या डीडीटी फवारणीमुळे बिहारमधील काला-आजार जवळपास नाहीसा झाला होता. फवारणी थांबल्यावर १९७० च्या दशकात तो पुन्हा मोठ्या साथीच्या रूपात परतला. मधल्या वर्षांत परोपजीवी कोठे राहिला? १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात पश्चिम बंगालच्या २४ परगण्यांतील साथीविषयी कोलकात्याच्या संशोधकांनी हाच प्रश्न विचारला होता, की साथीची सुरुवात अशा त्वचारुग्णापासून तर झाली नसेल? त्याचे प्रत्यक्ष उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. बांगलादेशातील मैमनसिंग भागात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्दोष वाळूमाश्या अशा ४७ रुग्णांना चावू दिल्या. त्यांपैकी २७ जणांकडून माश्यांना संसर्ग झाला. गाठी असलेल्यांकडून जास्त झाला, पण नुसते फिकट चट्टे असलेल्यांकडूनही झाला. पुढे मुझफ्फरपूर भागातील अभ्यासातही तेच दिसले. तापाचे रुग्ण आणि हे त्वचारुग्ण माश्यांना संसर्ग देतात, लक्षणे नसलेल्या निरोगी माणसांकडून मात्र तो गेला नाही.

आता त्या गृहस्थाच्या घराकडे वळतो. डॉक्टरांबरोबर मी तेथे गेलो होतो. कुष्ठरोग म्हटल्यावर घरच्यांनी त्याचे अंथरूण गोठ्यात हलवले होते. मातीची भिंत, ओली जमीन, दोन म्हशी आणि बाजेवर हा. थाळी वेगळी, लोटा वेगळा. मुलीच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडलेली. घरच्यांच्या मते त्यांनी इतरांच्या रक्षणासाठी हे केले होते. पण वाळूमाशीला याहून सोयीची जागा कोणती? धाकट्या भावाच्या मुलाला आदल्या वर्षी काला-आजार होऊन गेला होता. तो याच्यामुळेच झाला असे मी म्हणू शकत नाही. त्या गावात इतरही रुग्ण होते. पण हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, कारण काकाचे नाव एका रजिस्टरात होते, पुतण्याचे दुसऱ्या, आणि दोन्ही रजिस्टरे दोन वेगळ्या कपाटांत होती.

याच २००५ च्या मे महिन्यात भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी काला-आजाराच्या निर्मूलनाचा करार केला होता. निकष असा, की प्रखंड पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कुष्ठरोगाबाबत भारताने राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारी एकापेक्षा कमी हेच उद्दिष्ट गाठले. म्हणजे त्या गृहस्थाच्या हनुवटीवर दोन राष्ट्रीय उद्दिष्टे एकाच वेळी येऊन टेकली होती, आणि दोन्हींच्या हिशेबात तो बरा झालेला होता. काला-आजाराचा जो निकष आहे तो तापाच्या रुग्णांचा आहे. त्वचारोगाच्या रुग्णांची नोंद होते, पण वेगळी. उंबरठा ओलांडला की नाही हे ठरवताना ती मोजली जात नाही.

निकष सोपा असावा लागतो, त्याशिवाय तीन देशांत काम उभे राहत नाही, हे मला मान्य आहे. आणि काम झालेही आहे. २००७ मध्ये देशात काला-आजाराचे ४४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ती संख्या सहाशेच्या आत आली. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातील ५४ जिल्ह्यांतले सर्व ६३३ प्रखंड त्या वर्षाअखेर निकषाखाली आले. उद्दिष्टाची मुदत २०१५ वरून सरकत सरकत २०२३ पर्यंत आली होती, तरीही ही कामगिरी थोर आहे. २०१४ पासून आलेले एका दिवसाचे लायपोसोमल अम्फोटेरिसिनचे उपचार, घरोघरची फवारणी आणि आशा कार्यकर्त्यांची पायपीट या तिन्हींचा त्यात वाटा आहे. बांगलादेशाला तर ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे निर्मूलनाचे प्रमाणपत्रही मिळाले. पण असे प्रमाणपत्र मिळण्यासाठी निकषाखालची स्थिती तीन वर्षे टिकवावी लागते, आणि प्रमाणपत्रानंतरही टिकवावी लागते. ती टिकणार की नाही हे ठरवण्यात ज्या माणसांचा मोठा हात आहे, ती उंबरठ्याच्या हिशेबात नाहीत.

मी हे दुसऱ्या कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याचा कारभार पाहताना आरोग्याच्या आढावा बैठका मी स्वतः घेतल्या आहेत. ज्या तालुक्यात रुग्ण कमी, त्या तालुक्याचे कौतुक करायचे. ज्या तालुक्यात अचानक वाढले, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला उभे करून "ही वाढ का?" असे विचारायचे. त्याने मन लावून शोध घेतल्यामुळे वाढ दिसत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. बैठकीतून उठताना त्या अधिकाऱ्याने काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. बिहारहून परतल्यावर मी तो प्रश्न विचारणे बंद केले. त्याऐवजी विचारू लागलो, "या महिन्यात तुम्हाला न कळलेला एखादा रुग्ण आला काय? त्याचे पुढे काय केले?" पहिल्या बैठकीत सगळे गप्प बसले. तिसऱ्या बैठकीत दोघे बोलले.

याच सवयीमुळे पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. समाजकल्याणाशी संबंधित जबाबदारी असताना एका वृद्धाश्रमातून तक्रार आली की कर्मचाऱ्यांना वारंवार खरूज होते, औषध लावले की जाते आणि महिन्याभरात परत येते. खरूज आपल्याला परिचित असते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री वाढणारी खाज. त्यामुळे खाजवणाऱ्या प्रत्येकाला औषध दिले गेले होते. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना मात्र दिले नव्हते, कारण त्या खाजवत नव्हत्या. त्यांच्या हातांवर आणि पाठीवर जाड, राखी रंगाच्या खपल्या होत्या आणि त्यांच्यावर सोरायसिस समजून उपचार सुरू होते. शेवटी आलेल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एक खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ती खरजेच्या किड्यांनी आणि अंड्यांनी भरलेली होती.

हा खपल्यांच्या खरजेचा प्रकार. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात. या प्रकारात ते हजारोंनी, कधी लाखोंनी असतात. वृद्ध, अपंग, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या लोकांत तो होतो आणि त्यांना खाज कित्येकदा जाणवत नाही किंवा त्यांना खाजवता येत नाही. १८४८ मध्ये नॉर्वेतील डॅनिएलसन आणि बोएक यांनी त्याचे वर्णन केले तेही कुष्ठरुग्णांच्या त्वचेवर पाहूनच. येथेही गोष्ट तीच. ज्याच्या अंगावर रोगाचे पाठ्यपुस्तकातले रूप दिसत नाही, तोच इतरांना सर्वांत जास्त संसर्ग देतो, आणि यादीतून वगळला जातो तोही तोच.

उदाहरणे आणखीही आहेत. काला-आजाराचा जंतू पोटातल्या अवयवांना ग्रासतो आणि त्वचेवर व्रण करणारा जंतू वेगळा, तो राजस्थानात बिकानेरकडे आढळतो, असे आपण शिकलो. पण हिमाचलमधील सतलजच्या खोऱ्यात आणि केरळमधील अगस्त्यमलाईच्या जंगलातील काणी आदिवासींत त्वचेचे व्रण करणारा जंतू तपासला तेव्हा तो काला-आजाराचाच, डोनोव्हनी, निघाला. जेथे काला-आजार नाही असे नकाशा सांगतो तेथे चिघळणारा, न दुखणारा व्रण घेऊन आलेल्या माणसाला क्षयाचे किंवा बुरशीचे औषध मिळण्याचीच शक्यता अधिक. त्यात भर म्हणून आपल्याकडे प्रत्येक चट्ट्यावर आधी औषधाच्या दुकानातले स्टेरॉइडचे मलम चोळले जाते. खाज थांबते, लाली जाते आणि रोगाचा चेहराच बदलतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गल्लीतल्या दुकानात ती मनाई कितपत पाळली जाते हे वाचकांनी स्वतःच पाहावे. म्हणजे असामान्य लक्षणांपैकी काही निसर्गाने दिलेली असतात आणि काही आपल्या ढिलाईने निर्माण केलेली असतात.

मग करावे काय? माझ्या अनुभवातून काही गोष्टी सुचतात. त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे 'बरा' या शेऱ्याची व्याख्या बदलावी. काला-आजारातून उठलेल्या प्रत्येक माणसाची यादी आरोग्य केंद्रात आहेच. निदान पुढची पाच वर्षे वर्षातून एकदा त्याचा चेहरा उजेडात पाहावा. सूर्यप्रकाशात, ट्यूबलाइटखाली नव्हे, कारण फिकट चट्टे आतल्या उजेडात दिसत नाहीत.

दुसरी, त्वचेच्या आजारांचे शोधकार्य एकत्र करावे. कुष्ठरोगाच्या मोहिमेत घरोघरी जाऊन चट्टे पाहिले जातातच. त्याच कर्मचाऱ्याला दोन प्रश्न अधिक विचारायला शिकवावे, चट्ट्यावर स्पर्श कळतो का, आणि पूर्वी लांबलेला ताप आला होता का. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये दुर्लक्षित त्वचारोगांसाठी अशाच एकत्रित कामाचा आराखडा मांडला आहे. दोन कपाटांतली रजिस्टरे एका टेबलावर आणायला कोणत्याही आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरी, प्रत्येक तक्त्यात 'निदान अनिश्चित' असा एक रकाना असावा आणि तो भरणाऱ्याला जाब विचारला जाऊ नये. तक्त्यात जागा नसेल तर माणूस सत्य लिहीत नाही, जवळचा रकाना भरतो.

चौथी गोष्ट उपचाराची. त्या काळी या त्वचारोगावर चार-चार महिने रोज इंजेक्शन घ्यावे लागे. ज्याला ताप नाही, दुखत नाही, तो हातावर पोट असलेला माणूस हे का करील? पुढे मिल्टेफोसिनच्या गोळ्या आल्या, पण त्याही बारा आठवडे. गरोदरपणात त्या चालत नाहीत आणि डोळ्यांना अपाय झाल्याची उदाहरणे पुढे आल्याने डोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. अलीकडे दोन औषधे एकत्र देऊन कालावधी तीन आठवड्यांवर आणण्याचे चांगले प्रयोग झाले आहेत. उपचार पूर्ण करणाऱ्याला बुडालेल्या मजुरीपोटी शासन चार हजार रुपये देते. हे योग्यच आहे, कारण हा माणूस केवळ स्वतःसाठी औषध घेत नसतो, गावासाठी घेत असतो. पैसे वेळेवर पोहोचतात का, एवढे जिल्हाधिकाऱ्याने पाहावे.

पाचवी गोष्ट महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी. आपल्याकडे काला-आजार नाही. पण दरभंगा, मुझफ्फरपूर, सारणचे लाखो लोक मुंबईत, पुण्यात, भिवंडीत काम करतात. तोंडाभोवती फिकट चट्टे असलेला असा एखादा कामगार समोर आला तर मलम लिहून देण्याआधी एकच विचारावे, "गाव कोणते, आणि तेथे कधी मोठा ताप आला होता का?" तो त्याच्या भाषेत 'काला जार' म्हणेल. शब्द ओळखता आला पाहिजे.

बिहारहून परतल्यावर चार-पाच महिन्यांनी त्या डॉक्टरांचे पत्र आले. कानाच्या पाळीवरच्या गाठीच्या नमुन्यात परोपजीवी सापडले होते. पाटण्याला पाठवून उपचार सुरू झाले होते, गाठी बसत चालल्या होत्या, चट्ट्यांचा रंग मात्र सावकाश येईल असे त्यांनी लिहिले होते. कुष्ठरोगाच्या रजिस्टरमध्ये त्यांनी लाल शाईने दुरुस्ती केली होती, त्याबद्दल वरून खुलासा मागवण्यात आला होता आणि तो त्यांनी दिला होता. शेवटी एक ओळ होती, की घरच्यांनी बाज गोठ्यातून ओसरीवर आणली आहे. अद्याप घरात नाही.

मी उत्तरात त्यांचे अभिनंदन केले आणि लिहिले की खुलाशाची एक प्रत मलाही पाठवा. पुढच्या आढावा बैठकीत ती मी आमच्या अधिकाऱ्यांना वाचून दाखवली.